ओळीत उगवलेलं भात

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बोरीवलीच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात आणि त्या ढिगांच्या कडेला, कोणी मागितल्या तर द्याव्यात अशा बेताने, भाताच्या लोंब्यांच्या जुड्या ठेवलेल्या असतात. परवा एक जुडी मी उचलली. हुंगून पाहिली, एक दाणा नखाने दाबून पाहिला आणि विकणारीला विचारलं, "कुठलं गं हे भात?"

"गावचं आहे, ताई."

"कुठल्या गावचं?"

"ओ ताई, घ्यायचं तर घ्या ना! पोलीस आहात काय?"

माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी खुदकन हसली. मी जुडी घेतली, पण घरी येईपर्यंत माझ्या मनातून जाईना की दाणा पूर्ण वाळलेला होता, म्हणजे हे भात ह्या वर्षीचं नसणार. गेल्या वर्षीचं कुठेतरी टांगून ठेवलेलं असेल आणि आज 'नवं' म्हणून आमच्या गळ्यात मारलं असेल. मी अशीच आहे. दूधवाल्याच्या दुधावर, डॉक्टरच्या हसण्यावर आणि सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नमस्कारावर माझा सारखाच संशय असतो. नवरा म्हणतो, तुझ्या मनात पाल भाड्याने राहते. राहत असेल. ती मला माहेरून मिळाली आहे आणि ती मिळाली तो हंगाम हाच, पाऊस रेंगाळत असतो आणि ऊन मधूनच पाठीला चटका देतं तो.

त्या दिवसांत बोरीवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, अजून भाताची खाचरं होती. भात निसवलं, लोंब्या बाहेर डोकावल्या की हवेला एक कोमट, दुधाळ वास यायचा. भरतीच्या वेळी वारा फिरला की त्यात खाडीच्या चिखलाचा वास मिसळायचा. कॉलेजातून परत येताना स्टेशनपासूनची वस्ती मागे पडली की हा वास लागायचा आणि मला कळायचं की आता घर आलं. घर म्हणजे आमचं नव्हे. त्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, एवढंच.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांची गिरणी बंद पडली आणि परळला काकांच्या एका खोलीत आम्हा तिघांची अडचण सगळ्यांच्याच डोळ्यांत यायला लागली. तेव्हा कोणाच्या तरी ओळखीने एक शेठ भेटले. घाटकोपरला त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि बोरीवलीला त्यांनी एक जुनं शेतघर घेऊन ठेवलं होतं. तिथे राखणीला कुटुंबवाला, निर्व्यसनी माणूस हवा होता. राहायला दोन खोल्या, वर थोडा पगार. वडील घरी आले ते पेढे घेऊनच. आईने पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही.

"दोन खोले फुकट कोण देता?" ती म्हणाली. "त्या घरात काय तरी असतला."

"काय असतला? घर आसा, घरात माणसा होयी, म्हणान देता."

"तुमका सगळे बरेच दिसतत."

हे खरं होतं. वडिलांना सगळे बरेच दिसायचे. गिरणी परत सुरू होईल असं सांगणारेही बरे आणि होणार नाही असं सांगणारेही बरे. आईला कोणीच बरं दिसायचं नाही. बस कंडक्टरने सुटे पैसे बरोबर दिले तरी ती एकदा त्याच्या तोंडाकडे पाहायची. मी दोघांच्या मधे वाढले आणि फार विचार न करता आईच्या बाजूला गेले, कारण आईचं म्हणणं निदान अधूनमधून खरं ठरायचं.

घरात भूत नव्हतं. पण मालक पुष्कळ होऊन गेले होते आणि प्रत्येकाने जाताना काहीतरी मागे ठेवलं होतं. मला त्या घराचा इतिहास कोणी नीट सांगितला नाही, मी तो कुलपांवरून लावला. सगळ्यात जुना दरवाजा मागचा, फणसाच्या लाकडाचा. त्याला बाहेरून कुलूप लावायची सोयच नव्हती, आतून फक्त एक आडणा. घर बांधणाऱ्याला बाहेर जाताना दार बंद करायची गरज वाटली नव्हती. तो इथलाच, गावठाणातला ख्रिस्ती शेतकरी. टेकडीच्या खाणीतून दगड आणून त्याने हे घर खाचरांच्या मधोमध बांधलं होतं, पेरणीपासून झोडणीपर्यंत इथेच राहता यावं म्हणून. दाराच्या कमानीवर त्याने चुन्यात क्रूस काढला होता. पुढे त्याच्या मुलाने घर विकलं. का विकलं ह्याची गावठाणात जितकी तोंडं तितकी कारणं होती.

मग आला गिरगावातला एक डॉक्टर. हवापालटासाठी त्याला घर हवं होतं. त्याने पुढच्या दाराला पितळी कुलूप लावलं, कुंपणाच्या भिंतीवर काचा बसवल्या, गुलाब लावले आणि कमानीवरचा क्रूस चुन्याने झाकून टाकला. चुना दर पावसाळ्यात थोडा थोडा निघायचा आणि क्रूस परत दिसायला लागायचा. डॉक्टरनंतर अंधेरीच्या स्टुडिओत सामान पुरवणारा एक माणूस मालक झाला. तो घर शूटिंगला द्यायचा. विहिरीवर लोखंडी झाकण आणि साखळी त्याने घातली आणि ओसरीच्या वर एक प्लायवुडची गॅलरी ठोकली. त्या गॅलरीला दार नव्हतं. खालून पाहिलं तर वाटायचं, वर कोणीतरी राहतं. पहिले कितीतरी दिवस मी अंगणातून जाताना वर पाहत नसे. तो माणूस शेती एका गावकऱ्याला अर्धेलीने लावायला द्यायचा. आमचे शेठ आले आणि त्यांनी तीही बंद केली. लोखंडी फाटक बसवलं, त्याला भलंमोठं कुलूप लावलं आणि तेवढ्यानेही जीव थंड होईना म्हणून आम्हाला आणून ठेवलं. आम्ही त्या घराचं शेवटचं कुलूप होतो.

पहिल्याच वर्षी, ह्याच दिवसांत, एका दुपारी फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोनं, हातात स्वच्छ पांढरा रुमाल. तिने हाक मारली नाही, नुसती गजांतून आत पाहत राहिली. आई ओसरीवरून तिच्याकडे पाहत राहिली. शेवटी वडील मागून आले आणि त्यांनी, अर्थातच, आधी फाटक उघडलं आणि मग विचारलं, "कोण पाहिजे?"

"कोन नय," म्हातारी म्हणाली. "माज्या सासऱ्यानी बांदलंय हे घर. मना थोरी कनसं पायजेत."

ती लुसीबाय. घर विकणाऱ्याची विधवा. ऑक्टोबरात त्यांच्यात आगेरा असतो, नव्या भाताची पहिली कणसं देवळात न्यायची, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो आणि मग ती घरोघरी येशूच्या तसबिरीपाशी लावायची. लुसीबायच्या घरात ही कणसं लग्न होऊन आल्यापासून ह्याच खाचरातली जात होती. घर विकलं तरी तिने नेम मोडला नव्हता. डॉक्टर द्यायचा, स्टुडिओवाला द्यायचा. बाजारात मिळतात की, असं वडिलांनी म्हटलं तेव्हा तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते वाटेतून बाजूला झाले.

शेती बंद झाली होती, पण आदल्या वर्षी झोडताना सांडलेले दाणे गवतात इथे तिथे रुजून आले होते. लुसीबायने लुगड्याचा काचा सारखा केला, गवतात शिरली, मूठभर कणसं खुडून रुमालात गुंडाळली आणि आल्या वाटेने गेली. जाताना एकदा थांबून कमानीकडे पाहिलं.

"घर बगूक इली ती," आई म्हणाली. "कणसा हे निमित्त."

गंमत अशी की आईलाही तीच कणसं हवी होती. आमच्यात दसऱ्याला नवं बांधतात, भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि झेंडू एकत्र करून दाराच्या चौकटीला. परळला असताना ती बाजारातून आणायची आणि दर वर्षी कुरकुरायची. त्या वर्षी तिने पहिल्यांदा दाराबाहेर पाऊल टाकून स्वतःच्या हाताने लोंब्या खुडल्या आणि बांधल्या. त्या संध्याकाळी ती खुशीत होती. मी तिला तसं फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून लक्षात आहे.

लुसीबाय आल्याचं शेठना कळलं. वडिलांनीच सांगितलं असणार, काही लपवायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेठ घाटकोपरहून रिक्षा-टॅक्सी करत तातडीने आले. वाईट माणूस नव्हते ते. पण जमीन घेतली त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली होती.

"सखारामभाऊ, तुम्ही साधे माणूस," ते म्हणाले. "आज ती कणसं नेते, उद्या बोलेल मी दर साल येते, हा माझा हक्क आहे. आणि एक लक्षात ठेवा. इथे कोणी एक दाणा पण पेरायचा नाही. ज्याने पेरलं तो उद्या कूळ म्हणून उभा राहतो. कोर्टात गेलं की मग मी मेलो. असं काही दिसलं ना, तर दुसऱ्या दिवशी तुमचं सामान फाटकाच्या बाहेर. मग मला दोष देऊ नका."

आईने हे सगळं दाराआडून ऐकलं. शेठ गेल्यावर म्हणाली, "बघा, मी म्हणालंय ना? ती म्हातारी आपल्या डोक्यावरचा छप्पर घालवतली." तेव्हापासून आमच्या घरात संशयाला एक नाव मिळालं. कुंपणाची काच फुटली, लुसीबाय. विहिरीचं झाकण हललेलं दिसलं, लुसीबाय. कुत्रं भुंकलं तरी आई म्हणायची, बघ गो, ती फिरत असतली.

दुसऱ्या वर्षी गवत माजलं आणि सांडलेलं भात त्यात मरून गेलं. लुसीबाय आली. वडिलांनी शेठची आज्ञा मोडून तिला आत घेतलं आणि तिच्याबरोबर तेही गवतात वाकून शोधत राहिले. एक कणीस मिळालं नाही. ती रिकामा रुमाल घडी करून घेऊन गेली. त्याच आठवड्यात आईने बाजारातून लोंब्या आणल्या, चौकटीला बांधल्या आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. "इकतचा नवा," एवढंच म्हणाली. तिला काय वाटलं हे तेव्हा मला कळलं नाही. आता कळतं. दोन्ही बायकांची शेतं गेली होती, एकीचं विकून आणि एकीचं गाव सोडून, आणि दोघींनाही वर्षातून एकदा मूठभर खोटं तरी शेत हवं होतं. पण तेव्हा हे कोणी मला सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, तुला कोणी पाठवलं?

तिसऱ्या पावसाळ्यात आई अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कामाला लागली. मी शेवटच्या वर्षाला. आम्ही दोघी सकाळी बाहेर पडायचो ते दिवेलागणीला परत. दिवसभर घर वडिलांचं. ते छत्री घेऊन कुंपणाला फेऱ्या घालायचे आणि आम्ही आलो की चहा करायचे. घराच्या मागे बांबूचं बेट होतं आणि त्याच्या पलीकडे, ओहोळाच्या काठाला, एक सखल चिंचोळा तुकडा. तिकडे साप असतात म्हणून आई आणि मी कधी जायचो नाही.

गौरी आल्या. गौरीला तेरडा लागतो आणि तेरडा त्या ओहोळाच्या काठाला. आई काठी आपटत बांबूच्या पलीकडे गेली आणि थोड्या वेळाने तेरडा न घेताच परत आली. तोंड पांढरं पडलेलं.

"शोभा, चल माझ्यावांगडा."

मी गेले. ओहोळाच्या काठाला गुडघाभर हिरवंगार भात उभं होतं. वाऱ्यावर छान हलत होतं. मी म्हटलं, "सांडलेलं रुजलं असेल, गेल्या वर्षीचं."

"डोळे आसत काय तुका? बग."

मी नीट पाहिलं. भात ओळीत होतं. सांडलेलं भात ओळीत उगवत नाही. वाफ्यात पेरून, तरवा तयार झाल्यावर उपटून, चिखलात वाकून, चूड चूड हाताने लावल्याशिवाय भाताच्या ओळी होत नाहीत. आईने गावी बालपणापासून लावणी केली होती, तिला हे सांगायला लागत नव्हतं. कोणीतरी भर पावसात इथे येऊन दिवसभर पाठ मोडून गेलं होतं.

"तीच," आई म्हणाली. "आता ती कूळ होवन येतली. आणि शेठ आमका भायर काढतलो."

वडिलांना विचारलं तर ते चुलीवरच्या भांड्यात पाहत म्हणाले, "भूमी आसा. काय तरी उगवतलाच." असंच ते बोलायचे, त्यामुळे त्यांच्यावर माझी पाल चुकचुकली नाही.

त्यानंतर कामाला जाताना आईचं लक्ष मागे. उपटून टाकावं तर उभं पीक उपटायला तिचा हात उठेना, तसं ती मला स्पष्टच म्हणाली, अन्न आहे ते. ठेवावं तर शेठ कधी येतील त्याचा नेम नाही. परळची खोली आता काकांच्या मुलाच्या लग्नात गेली होती. गावी घराची भिंत खचलेली. ह्या दोन खोल्या गेल्या तर आम्ही रस्त्यावर, इतकं ते सरळ होतं. गावठाणात आई वाण्याकडे गेली की लुसीबाय समोरून यायची, आणि दोघी एकमेकींना पाहून पिशव्या दुसऱ्या हातात घ्यायच्या. मागाहून कळलं, तिला बांबूच्या फटीतून ते भात दिसलं होतं. आणि ती गावठाणभर सांगत होती की हे कोकणे राखणीला आले आणि माझ्या सासऱ्याच्या जमिनीवर कूळ होऊन बसणार. म्हणजे तिला आमचा संशय, आम्हाला तिचा, शेठना दोघांचा, आणि भात मधल्या मधे निसवत चाललेलं.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शेठ आले. बरोबर सफारी घातलेला एक माणूस. "पार्टी आहे, जागा बघायला," शेठ वडिलांच्या कानात म्हणाले. पार्टीने घराकडे पाहिलंच नाही. त्याने जमीन पाहिली, पायाने दाबून, चालत चालत. आणि चालता चालता तो बांबूच्या दिशेने निघाला. आई माझं मनगट धरून मागे चालत होती. तिच्या बोटांचे वळ माझ्या हातावर उठले होते.

त्याच वेळी उघड्या फाटकातून लुसीबाय आत आली, हातात रुमाल. कोणी तिला अडवलं नाही. आम्ही सगळे एकाच वेळी त्या भातापाशी पोचलो.

"हे काय?" पार्टी म्हणाला. "शेठ, तुम्ही बोललात इथे कूळ-बीळ काही नाही."

शेठचा चेहरा उतरला. ते वडिलांकडे वळले. "सखारामभाऊ, हे कोणी लावलं?"

वडिलांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहत होते, आई पण पाहत होती आणि आम्हा दोघींना एकाच क्षणी कळलं. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. आणि तो आता खरं सांगणार आहे.

"कोणी लावला नाय," आई पुढे होऊन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती शेठशी बोलत होती. "आपोआप इलाहा. सांडलेला रुजता तसा."

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग भाताकडे. ते सौराष्ट्रातले, भुईमुगाच्या मुलखातले. भाताच्या ओळीत त्यांना काही वाचता येत नव्हतं. पण पार्टी चतुर होता. तो लुसीबायकडे वळला. "मावशी, तुम्ही इथल्या जुन्या दिसता. असं आपोआप येतं?"

लुसीबायने ओळींकडे पाहिलं. सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला हवं होतं ते आता तिच्या हातात होतं. एक शब्द, आणि तिच्या सासऱ्याच्या घरातून आम्ही संध्याकाळच्या आत बाहेर. तिने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं तिने सोडून दिलं होतं.

"येतं," लुसीबाय म्हणाली. "आपलं आपन येतं. आमच्या वेलेपासनं येतं."

मग शेठनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "आपोआप आलंय ना? मग काही हरकत नाही. आत्ताच्या आत्ता उपटून टाका. सगळं."

पार्टी आणि शेठ बांबूच्या सावलीत उभे राहिले आणि आम्ही चौघं चिखलात उतरलो. भाताची मुळं घट्ट असतात, जोर लावून ओढलं की एक ओला आवाज येतो, तो मला अजून नको वाटतो. दाणे भरत आले होते, पण पिकले नव्हते. उशिरा लावलेलं भात. दाबलं की पांढरं दूध बोटांवर यायचं. वडील वाकून उपटत होते आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब गळत होते. घाम होता असं ते म्हणाले असते, म्हणून मी विचारलं नाही.

शेठ गेल्यावर आई आणि लुसीबाय त्या ढिगाशेजारी बसल्या आणि लोंब्या निवडायला लागल्या. दोन जुड्या झाल्या. लुसीबायने दोन्ही हातांत घेऊन वजन केलं.

"तुजी मोटी हाय," ती म्हणाली.

"घेवा मगे ही," आई म्हणाली आणि जुड्या बदलल्या.

लुसीबायने आपली जुडी रुमालात ठेवली. मग वडिलांच्या दिशेने हनुवटी करून विचारलं, "त्यानी लावलं?"

आईने होकाराची मान हलवली. वडील जवळ येऊन, अपराध्यासारखे उभे राहून, म्हणाले, "गावसून मूठभर बी मागवलंय. गेल्या वर्षी तुम्ही दोघी रिकाम्या हातानी रवलात. माका बरा वाटला नाय." त्यांना कूळ वगैरे सुचलंच नव्हतं. गिरणीत जन्म गेलेल्या माणसाने पावसात उभं राहून आठवून आठवून लावणी केली होती, दोन बायकांना वर्षातून एकदा लागणाऱ्या मूठभर कणसांसाठी.

"ओली वाकड्या हान," लुसीबाय म्हणाली. "मना पयलंच कलायला पायजे होतं. बाईमानूस इतकं वाकडं लावत नय." आणि ती हसली. आईही हसली. त्या दोघींना एकत्र हसताना पाहून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही, फक्त मला तिथून उठू नये असं वाटत होतं.

त्या वर्षी आमच्या दाराला बांधलेलं नवं हिरवं होतं. दोन दिवसांत ते सुकलं आणि दाणे पोचे निघाले. आईने ते शेवटपर्यंत काढलं नाही.

पार्टीने जागा घेतली. म्हणजे ते वाचलेलं घर तसंही गेलंच. उन्हाळ्यात शेठचा निरोप आला, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. वडील म्हणत राहिले, शेठ दुसरीकडे सोय करतील. शेठनी केली नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांचं दुकान दिसलं की आजही रस्ता बदलते. त्या जागेवर आता दोन टॉवर आहेत. नाव इंग्रजी आहे, त्याचा अर्थ 'शेतातली सकाळ' असा काहीतरी. फाटकावर कॅमेरे आहेत, पहारेकरी नाव-गाव-फोन विचारतो आणि आत शेकडो मालक राहतात, एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. मी तिथे एका मैत्रिणीकडे जाते तेव्हा पहारेकरी माझ्याकडे संशयाने पाहतो. मला ते बरं वाटतं. ही जागा कोणीतरी अजून राखतंय.

आम्ही निघायचा दिवस. सामान फाटकाबाहेर मांडलेलं होतं, जायचं कुठे ते ठरलं नव्हतं. वडील म्हणत होते काहीतरी होईल आणि आई त्यांच्याकडे पाहतही नव्हती. भर दुपारी लुसीबाय आली. सामानाभोवती एक फेरी मारली, पेटी, गाद्या, स्टोव्ह, सगळं डोळ्यांनी मोजलं.

"माज्या घराच्या मागं एक खोली हाय," ती आईला म्हणाली. "ऱ्हावा."

वडील लगेच हात जोडायला लागले. तिने हाताने त्यांना थांबवलं.

"आयका पयलं. माज्या अंगनात काय लावायचं नय. मिरची नय, अलू नय, एक पान नय. उद्या तुमीच म्हनाल, अंगन आमचं."

वडील हसायला लागले, त्यांना ती थट्टा वाटली. आई हसली नाही. ती लुसीबायसमोर उभी राहिली आणि पूर्ण गंभीरपणे, एका शेतकऱ्याने दुसऱ्याशी बोलावं तशी, तिने विचारलं, "आणि तुळस?"

लुसीबायने आईकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"डब्यात," ती म्हणाली. "जमनीत नय. डब्यात."

"बरा," आई म्हणाली आणि सामानात रिकामा डबा शोधायला लागली.